पहिले विजेतेपद कोणाचे? अमेरिकेतील महिला महाविद्यालयीन सॉफ्टबॉल स्पर्धेची नोंदीबाहेरची तेरा वर्षे

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटचा समावेश करण्याचा निर्णय तेथे झाला, हे आपल्याकडे बहुतेकांना आठवत असेल. त्याच दिवशी, त्याच ठरावाने बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे खेळही ऑलिंपिकमध्ये परत आले. मात्र आपल्या वर्तमानपत्रांत त्याची दखल एखाद-दुसऱ्या ओळीपलीकडे घेतली गेली नाही. पुढे आणखी एक बातमी आली. ऑलिंपिक लॉस एंजेलिसचे असले तरी सॉफ्टबॉलचे सामने तेथून सुमारे १,९०० किलोमीटर दूर असलेल्या ओक्लाहोमा सिटीत खेळवले जाणार आहेत. याचे कारण असे, की महिलांच्या सॉफ्टबॉलसाठी अमेरिकेत सर्वाधिक सुसज्ज समजले जाणारे मैदान तेथे आहे, आणि १९९० पासून केवळ एका वर्षाचा अपवाद वगळता अमेरिकी महाविद्यालयांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा, म्हणजे 'विमेन्स कॉलेज वर्ल्ड सीरिज', त्याच शहरात भरत आली आहे.

या स्पर्धेची माहिती वाचू लागलेला वाचक लवकरच गोंधळात पडतो. ही स्पर्धा १९६९ मध्ये सुरू झाली असे एका ठिकाणी वाचायला मिळते, तर दुसऱ्या ठिकाणी १९८२ हे पहिले वर्ष सांगितले जाते. पहिला विजेता म्हणून कोठे जॉन एफ. केनेडी कॉलेज या आज अस्तित्वातही नसलेल्या छोट्या महाविद्यालयाचे नाव असते, तर कोठे यूसीएलए या जगप्रसिद्ध विद्यापीठाचे. त्यात भर म्हणून १९८२ या एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या संघांना राष्ट्रीय विजेते म्हटलेले आढळते. यातील कोणतेही विधान खोटे नाही. सगळी एकाच वेळी खरी कशी असू शकतात, हे समजून घ्यायचे तर खेळाइतकाच तो खेळ चालवणाऱ्या संस्थांचा इतिहास पाहावा लागतो.

## आधी खेळाची तोंडओळख

सॉफ्टबॉल हा बेसबॉलचा जवळचा नातलग. १८८७ मध्ये शिकागो शहरात, हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता यावा अशा बेसबॉलच्या रूपात त्याचा जन्म झाला. महाराष्ट्रात शालेय आणि आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये तो खेळला जातो, आणि राज्य शासनाच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांच्या यादीतही सॉफ्टबॉलपटूंची नावे असतात; त्यामुळे तो आपल्याला अगदीच परका नाही. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ खेळाडू असतात. एका सामन्यात सात डाव होतात आणि प्रत्येक डावात दोन्ही संघांना एकेकदा फलंदाजी मिळते. तीन खेळाडू बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. सात डावांनंतर बरोबरी असेल, तर निकाल लागेपर्यंत डाव वाढवले जातात.

चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात आणि या खेळात सामन्याची सूत्रे बहुतांशी तिच्याच हाती असतात. ती हात खांद्यावरून न आणता खालून, पूर्ण वर्तुळात फिरवून चेंडू सोडते. ज्या काळाविषयी हा लेख आहे, त्या काळात महाविद्यालयीन महिलांच्या खेळात पिचर आणि फलंदाज यांच्यातील अंतर ४० फूट, म्हणजे साधारण १२ मीटर होते. ते पुढे १९८८ मध्ये ४३ फूट करण्यात आले. चांगल्या पिचरचा चेंडू ताशी ९५ ते १०० किलोमीटर वेगाने येतो, आणि एवढ्या कमी अंतरावरून तो फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी वेळात पोहोचतो. म्हणूनच त्या काळातील सामन्यांची धावसंख्या १-० किंवा २-० अशी दिसते. ती पाहून फलंदाज दुबळ्या होत्या असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. एवढ्या जवळून येणाऱ्या चेंडूपुढे कोणाचाही निभाव लागणे कठीणच होते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. ही स्पर्धा 'दुहेरी बाद' पद्धतीने खेळवली जात असे. एका पराभवाने संघ स्पर्धेबाहेर जात नाही. दुसऱ्यांदा हरल्यावर जातो. त्यामुळे एकदा हरलेल्या संघाला अंतिम फेरीपर्यंत येण्यासाठी एकाच दिवशी लागोपाठ सामने खेळावे लागत, आणि अंतिम फेरीतील प्रतिस्पर्धी अपराजित असेल तर त्याला दोनदा हरवावे लागे. १९७३ च्या स्पर्धेत इलिनॉय स्टेट विद्यापीठाची पिचर मार्जी राइट हिने एकाच दिवसात तब्बल ३० डाव चेंडू टाकले. चार पूर्ण सामन्यांहूनही अधिक अशी ही मेहनत होती. प्रत्येक डावात तीन गडी धरले, तरी एका दिवसात नव्वदच्या आसपास फलंदाज बाद होईपर्यंत एकच हात फिरत राहिला. अंतिम सामना अ‍ॅरिझोना स्टेटने जिंकला आणि तोही नेहमीच्या सात डावांच्या दुपटीहून अधिक लांबला. या मार्जी राइटचे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

## १९६९ : ओमाहा येथील आरंभ

अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडा-व्यवस्थेवर नियंत्रण ठेवणारी सर्वांत बलाढ्य संस्था म्हणजे नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन, अर्थात एनसीएए. तिची स्थापना १९०६ ची, परंतु पहिली पंचाहत्तर वर्षे ती व्यवहारात केवळ पुरुषांच्या खेळांची संस्था होती. विद्यार्थिनींच्या खेळाची जबाबदारी शारीरिक शिक्षण विभागांतील प्राध्यापिकांकडे होती, आणि त्यांची भूमिका दीर्घकाळ अशी होती की काही निवडक मुलींना अजिंक्यपदासाठी घडवण्यापेक्षा प्रत्येक मुलीला खेळायला मिळावे. म्हणून अनेक महाविद्यालयांच्या मुली एकत्र जमत, त्यांचे मिश्र संघ पाडले जात, सामने होत आणि दिवस संपला की सगळ्या आपापल्या गावी परतत. राष्ट्रीय विजेतेपद ही कल्पनाच त्या व्यवस्थेत बसत नव्हती.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटू लागले. मुलींना खऱ्याखुऱ्या स्पर्धा हव्या होत्या आणि त्यांच्या प्राध्यापिकांच्या नव्या पिढीलाही ते पटत होते. १९६९ मध्ये नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरात महाविद्यालयीन महिलांची पहिली राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा भरली. देशातील हौशी सॉफ्टबॉलची मध्यवर्ती संघटना आणि महिला क्रीडा-शिक्षकांची राष्ट्रीय संस्था यांचा तिला पाठिंबा होता. ओमाहा हेच शहर का, याचे उत्तर सोपे आहे. पुरुषांच्या महाविद्यालयीन बेसबॉलची अंतिम स्पर्धा १९५० पासून त्याच शहरात होत होती आणि शहराला अशा स्पर्धा भरवण्याची सवय होती. नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा शाखेतील कॉनी क्लॉसेन या प्रशिक्षिकेचा या स्पर्धेच्या उभारणीत मोठा वाटा होता; पुढे १९७५ मध्ये त्यांच्याच संघाने ती जिंकली.

पहिल्या तीन वर्षांचे, म्हणजे १९६९, १९७० आणि १९७१ चे विजेतेपद जॉन एफ. केनेडी कॉलेजने पटकावले. ओमाहाच्या पश्चिमेला तासाभराच्या अंतरावर वाहू नावाचे एक लहानसे गाव आहे, तेथे १९६५ मध्ये हे महाविद्यालय सुरू झाले होते. पुढील दोन वर्षे अ‍ॅरिझोना स्टेट जिंकले. १९७४ मध्ये साउथवेस्ट मिझुरी स्टेट, १९७५ मध्ये नेब्रास्का-ओमाहा, १९७६ मध्ये मिशिगन स्टेट, १९७७ मध्ये नॉर्दर्न आयोवा, १९७८ मध्ये यूसीएलए, १९७९ मध्ये टेक्सस विमेन्स युनिव्हर्सिटी, आणि १९८० व १९८१ मध्ये यूटा स्टेट असे पुढचे विजेते. तेरा वर्षांत नऊ वेगवेगळ्या संस्था जिंकल्या.

या नावांकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलमुळे घराघरांत पोहोचलेली विद्यापीठे यात फारशी नाहीत. नॉर्दर्न आयोवा, साउथवेस्ट मिझुरी आणि अंतिम फेरीपर्यंत गेलेले इलिनॉय स्टेट या संस्थांचा उगम शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयांत आहे. शाळांसाठी शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका तेथे तयार होत. म्हणजे मुलींना मैदान, साहित्य आणि खेळ शिकवणाऱ्या जाणत्या प्राध्यापिका उपलब्ध होत्या. पैसा आणि प्रसिद्धी नसताना एखादा खेळ कोठे रुजतो, हे त्या यादीवरून दिसते.

## समानतेचा कायदा या स्पर्धेनंतरचा

अमेरिकेतील महिलांच्या खेळाविषयी बोलताना 'टायटल नाइन'चा उल्लेख हमखास येतो. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या शिक्षणविषयक कायद्यातील हे कलम आहे. केंद्र सरकारचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत कोणालाही लिंगाच्या आधारे वगळता येणार नाही किंवा भेदभावाची वागणूक देता येणार नाही, असा त्याचा आशय. मूळ इंग्रजी वाक्य अवघ्या ३७ शब्दांचे आहे आणि त्यात खेळाचा उल्लेखही नाही. परंतु महाविद्यालयीन खेळ हे शिक्षणाचेच अंग असल्यामुळे ते खेळालाही लागू झाले, आणि १९७५ मध्ये त्यासाठी सविस्तर नियम आले.

या कलमाने मुलींच्या खेळात पैसा, मैदाने आणि शिष्यवृत्त्या आणल्या हे निर्विवाद आहे. परंतु त्यावरून अमेरिकी महाविद्यालयीन महिलांचा स्पर्धात्मक खेळच या कायद्यामुळे सुरू झाला, असा जो समज पसरला आहे, तो तारखांवरूनच टिकत नाही. कायद्यावर सही झाली तेव्हा ओमाहाच्या स्पर्धेला तीन वर्षे उलटली होती आणि केनेडी कॉलेजच्या मुलींनी तीन विजेतेपदे मिळवलेली होती.

## स्पर्धा चालवत होते कोण?

१९७१ मध्ये महिला प्राध्यापिकांनी आणि क्रीडा-प्रशासकांनी स्वतःची एक राष्ट्रीय नियामक संस्था उभारली: असोसिएशन ऑफ इंटरकॉलेजिएट अ‍ॅथलेटिक्स फॉर विमेन. नाव लांबलचक असल्यामुळे या लेखात पुढे तिला 'महिला संघटना' एवढेच म्हटले आहे. १९७२-७३ या शैक्षणिक वर्षापासून तिने कारभार सुरू केला आणि १९७३ पासून सॉफ्टबॉलची राष्ट्रीय स्पर्धा तिच्या छत्राखाली आली. ऐन भरात असताना तिची सदस्य-महाविद्यालये साडेनऊशेच्या पुढे गेली होती.

या संघटनेची विचारसरणी पुरुषांच्या संघटनेपेक्षा मुळातच वेगळी होती. खेळाडू ही आधी विद्यार्थिनी आहे, म्हणून तिला एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाताना खेळाच्या नियमांची आडकाठी नसावी. प्रशिक्षकांनी शाळकरी मुलींच्या घरी खेपा घालून त्यांना आपल्याकडे ओढू नये. खेळासाठी शिष्यवृत्तीही देऊ नये, असे तिचे आरंभीचे धोरण होते. पुरुषांच्या खेळात शिष्यवृत्तीच्या नावाखाली चाललेले गैरप्रकार या प्राध्यापिकांनी जवळून पाहिले होते आणि मुलींच्या खेळाला ती लागण होऊ नये अशी त्यांची इच्छा होती. हेतू चांगला होता, तरी परिणाम विचित्र झाला. मुलाला टेनिस खेळून फी-माफी मिळे आणि मुलीला तेवढेच चांगले खेळूनही मिळत नसे. १९७३ मध्ये फ्लोरिडातील काही विद्यार्थिनी न्यायालयात गेल्या, आणि त्यानंतर संघटनेने शिष्यवृत्तीबंदी मागे घेतली.

एनसीएएचा पवित्रा या काळात फार वेगाने बदलला. 'टायटल नाइन' खेळाला लागू होऊ नये म्हणून तिने आधी संसदेत प्रयत्न केले आणि १९७६ मध्ये सरकारवर खटलाही भरला. दोन्ही मार्ग बंद झाल्यावर, आणि महाविद्यालयांना मुलींच्या खेळावर खर्च करावाच लागणार हे स्पष्ट झाल्यावर, तिने महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा स्वतःच भरवण्याचा निर्णय घेतला. लहान महाविद्यालयांसाठी आणि सर्वोच्च गटासाठीही त्या १९८१-८२ या हंगामापासून सुरू झाल्या.

## १९८२ : एक खेळ, दोन विजेते

परिणामी मे १९८२ मध्ये अमेरिकेत महिला महाविद्यालयीन सॉफ्टबॉलच्या दोन राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. महिला संघटनेची स्पर्धा ओक्लाहोमा राज्यातील नॉर्मन येथे भरली आणि तेथे टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने ओक्लाहोमा स्टेटला हरवले. एनसीएएची पहिली स्पर्धा मात्र ओमाहात, सीमोर स्मिथ पार्कमध्ये, म्हणजे ज्या शहरात १९६९ मध्ये सारे सुरू झाले होते तेथेच भरली. अंतिम सामन्यात शॅरन बॅकस यांच्या मार्गदर्शनाखालील यूसीएलएने फ्रेझ्नो स्टेटचा २-० असा पराभव केला. त्यासाठी सातऐवजी आठ डाव खेळावे लागले. यूसीएलएच्या संघात डेबी डूम ही त्या वर्षीच दाखल झालेली पिचर होती, आणि डॉट रिचर्डसन होती, जी पुढे अस्थिशल्यविशारद झाली आणि १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये, सॉफ्टबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा, चीनविरुद्धच्या सुवर्णपदकाच्या सामन्यात होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून गेली.

मग महाविद्यालयांनी कोणती स्पर्धा निवडायची हे कसे ठरवले? येथे पैशाचा भाग आला. एनसीएएने महिला संघांसाठी वेगळी सदस्यता-वर्गणी ठेवली नाही. पुरुष संघांची जी वर्गणी महाविद्यालये आधीच भरत होती तिच्यातच मुलींचा समावेश केला. शिवाय अजिंक्यपद स्पर्धेला येणाऱ्या संघांचा प्रवासखर्च उचलण्याची तयारी दाखवली. महिला संघटनेची तिजोरी सदस्यांच्या वर्गणीवर आणि थोड्याफार दूरचित्रवाणी करारांवर चालत असल्याने तिला हे परवडण्यासारखे नव्हते. मोठी विद्यापीठे एकामागून एक निघून गेली, पाठोपाठ दूरचित्रवाणीचे उत्पन्नही गेले, आणि १९८२ च्या उन्हाळ्यात संघटनेचे काम थांबले. एनसीएएने पुरुषांच्या खेळातील आपल्या मक्तेदारीच्या बळावर महिलांचे क्षेत्र बळकावले, असा दावा तिने न्यायालयात केला होता. तोही टिकला नाही. नॉर्मनची विजेती टेक्सस ए अँड एम पुढच्या वर्षी एनसीएएच्या स्पर्धेत उतरली आणि १९८३ चे विजेतेपदही तिने मिळवले. म्हणजे १९८२ मध्ये दुय्यम स्पर्धा जिंकणारा हा दुय्यम संघ होता, असे म्हणायला जागा उरत नाही.

## नोंदवही १९८२ पासूनच का सुरू होते?

एनसीएएची अधिकृत नोंदवही एनसीएएच्या स्पर्धांची आहे. तिच्यात १९८२ हे पहिले वर्ष आणि यूसीएलए हा पहिला विजेता. आपल्याकडच्या सातबारा उताऱ्याचे उदाहरण घेतले तर हे चटकन समजेल. एखादी जमीन एक कुटुंब तेरा वर्षे कसत असते, विहीर खोदते, बांध घालते. पुढे ती दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि फेरफार होऊन नव्या मालकाचे नाव उताऱ्यावर चढते. चालू उताऱ्यावर नवे नाव दिसते, यात खोटे काहीच नाही. पण त्या उताऱ्यावरून कोणी म्हणू लागले की या जमिनीत पहिले पीकच फेरफाराच्या वर्षी निघाले, तर ते मात्र चुकीचे ठरेल. फरक इतकाच की जमिनीचे जुने फेरफार तलाठी कार्यालयात मागता येतात. सॉफ्टबॉलच्या अधिकृत नोंदवहीत तेवढीही सोय नाही.

यामुळे काय बिघडते, हे एका उदाहरणाने दाखवतो. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ही स्पर्धा जिंकली तेव्हा मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील संघाचे हे पहिले विजेतेपद, असा गौरव झाला आणि तो आजही केला जातो. थंड प्रदेशात वर्षातले काही महिने मैदानावर उतरताही येत नाही, त्यामुळे कॅलिफोर्निया आणि अ‍ॅरिझोनाच्या संघांनी व्यापलेल्या स्पर्धेत तो विजय खरोखरच मोठा होता. परंतु मिशिगन स्टेट विद्यापीठाने १९७६ मध्येच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. तेही त्याच मिशिगन राज्यात, त्याच नदीच्या पूर्वेला, मिशिगन विद्यापीठापासून शंभरएक किलोमीटरवर आहे. १९७६ च्या त्या मुलींचा विजय कोणी नाकारलेला नाही. मोजणी त्यांच्यानंतर सुरू झाली, एवढेच.

यूसीएलएची गंमतीची नव्हे तर विचार करायला लावणारी स्थिती पाहा. तिच्या नावावर एनसीएएची १२ विजेतेपदे आहेत. १९७८ चे धरले तर तेरा. एकाच प्रशिक्षिकेने, शॅरन बॅकस यांनी, १९७८ आणि १९८२ ही दोन्ही विजेतेपदे मिळवून दिली, पण त्यांतील एकच अधिकृत. अ‍ॅरिझोना स्टेट आपल्या इतिहासात १९७२, १९७३, २००८ आणि २०११ अशी चार विजेतेपदे सांगते, तर एनसीएए २००८ आणि २०११ ही दोनच.

## 'पण त्या वेळचा खेळ आजच्या दर्जाचा होता का?'

ही शंका सर्वाधिक घेतली जाते. आज देशभरातील ६४ संघ मुख्य स्पर्धेत येतात, टप्प्याटप्प्याने चाळणी होऊन त्यांतील आठ ओक्लाहोमा सिटीत पोहोचतात, आणि सामने राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसतात. १९६९ मध्ये यांतले काहीही नव्हते. संघ कमी होते, प्रवासाला पैसे नव्हते आणि त्यामुळे जवळच्या राज्यांतील संघांना झुकते माप मिळत असे, हे मान्यच करायला हवे. वाहूच्या महाविद्यालयाला ओमाहाचे अंतर तासाभराचे होते, ही गोष्ट त्याच्या फायद्याचीच होती.

परंतु आरंभीच्या काळातील स्पर्धा आजच्या मानाने लहान होती, हे जगातील जवळपास प्रत्येक खेळाविषयी खरे आहे. १९३० च्या पहिल्या फुटबॉल विश्वचषकात अवघे १३ संघ होते आणि युरोपातून चारच संघ जहाजाने गेले होते. तरी उरुग्वेचे ते विजेतेपद कोणी यादीतून काढत नाही. शिवाय सॉफ्टबॉलच्या बाबतीत दोन काळांमधली माणसेही तीच आहेत. मार्जी राइट पुढे प्रशिक्षिका झाल्या, फ्रेझ्नो स्टेटला त्यांनी १९९८ मध्ये एनसीएएचे विजेतेपद मिळवून दिले आणि या खेळाच्या सर्वोच्च गटात हजार विजयांचा टप्पा ओलांडणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षिका ठरल्या. त्यांच्या प्रशिक्षणाची कारकीर्द अधिकृत नोंदीत सन्मानाने आहे. १९७३ मधील त्यांचे ते ३० डाव मात्र नाहीत.

## 'एनसीएएने न भरवलेली स्पर्धा तिने आपल्या वहीत का लिहावी?'

हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण एनसीएए स्वतःच हा नियम सर्वत्र पाळत नाही. पुरुषांच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, जो तेथील सर्वांत लोकप्रिय महाविद्यालयीन खेळ आहे, सर्वोच्च गटाचे अजिंक्यपद एनसीएए कधीच स्वतः देत आलेली नाही. ते वृत्तसंस्थांचे पत्रकार, प्रशिक्षकांची मतमोजणी आणि अलीकडे विद्यापीठ-समूहांनी उभारलेली वेगळी स्पर्धा यांच्यामार्फत ठरते. तरीही एनसीएएच्या नोंदपुस्तकात त्या सर्व विजेत्यांच्या याद्या, कोणी निवडले त्याच्या उल्लेखासह, अगदी एकोणिसाव्या शतकापासून छापलेल्या असतात. एकाच वर्षी दोन-तीन संघांना विजेते मानले गेले असेल तर तसे लिहिले जाते. जो मोकळेपणा पुरुषांच्या फुटबॉलला दाखवता येतो, तो मैदानात प्रत्यक्ष सामने खेळून जिंकलेल्या मुलींना दाखवणे अवघड का असावे, याचे समाधानकारक उत्तर माझ्या तरी वाचनात नाही.

हाच प्रश्न २०२४ च्या सुरुवातीला बास्केटबॉलमुळे पुन्हा चर्चेत आला. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने ३,५२७ गुणांचा एनसीएएचा महिला विक्रम मोडला आणि सगळीकडे तिचे कौतुक झाले. त्याच वेळी जाणकारांनी आठवण करून दिली, की कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडार्डने १९८१ पर्यंतच्या चार वर्षांत ३,६४९ गुण मिळवले होते, फक्त ते महिला संघटनेच्या काळात. काही दिवसांतच क्लार्कने तोही आकडा पार केला, परंतु दरम्यानच्या त्या काही दिवसांत लाखो लोकांना पहिल्यांदा कळले की १९८२ च्या आधीही मोजण्यासारखे काही होते.

## 'एनसीएएमुळे मुलींचे भलेच झाले ना?'

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. प्रवासखर्च, शिष्यवृत्त्या, सुसज्ज मैदाने, दूरचित्रवाणी आणि त्यातून आलेला प्रेक्षक हे सगळे खरे आहे. महिला संघटना टिकली असती तर ती एवढा पैसा उभा करू शकली असती का, याची मला शंका वाटते. ऑलिंपिकमध्ये १९९६, २००० आणि २००४ अशी सलग तीन सुवर्णपदके मिळवणारे अमेरिकी संघ मुख्यतः याच महाविद्यालयीन व्यवस्थेतून घडले.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९७२ मध्ये महाविद्यालयीन महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आज ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले आहे. मुलींच्या खेळात पैसा आणि प्रतिष्ठा आल्यावर त्या नोकऱ्यांसाठी पुरुष पुढे आले, तर पुरुष संघांचे प्रशिक्षकपद स्त्रियांसाठी जवळपास बंदच राहिले. मुलींच्या खेळाचे नियम ठरवणाऱ्या बैठकांत ज्या प्राध्यापिका मुख्य खुर्चीवर बसत, त्यांपैकी अनेकींना नव्या व्यवस्थेत दुय्यम स्थान मिळाले, कारण बहुतेक विद्यापीठांनी पुरुषांचा आणि महिलांचा क्रीडाविभाग एकत्र केला आणि त्याचे प्रमुखपद पुरुषाकडेच ठेवले. खेळाडूंना साधने मिळाली आणि खेळ चालवण्याचा अधिकार बायकांच्या हातून गेला; या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयाने घडल्या.

## मग पहिले विजेतेपद कोणाचे?

प्रश्न 'एनसीएएच्या महिला सॉफ्टबॉल स्पर्धेचा पहिला विजेता कोण' असा असेल, तर उत्तर यूसीएलए, १९८२. प्रश्न 'अमेरिकेतील महाविद्यालयीन महिलांच्या राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धेचा पहिला विजेता कोण' असा असेल, तर उत्तर जॉन एफ. केनेडी कॉलेज, १९६९. आणि १९८२ चे राष्ट्रीय विजेते कोण असे कोणी विचारले, तर यूसीएलए आणि टेक्सस ए अँड एम अशी दोन्ही नावे घ्यावीत, कोणत्या स्पर्धेतले ते सांगून. पत्रकाराने किंवा समालोचकाने 'एनसीएएच्या इतिहासात' हे दोन शब्द जोडले तर वाक्य अचूक राहते. ते गाळून 'इतिहासात' एवढेच म्हटले की तेरा वर्षे पुसली जातात.

व्यवहारात ही जाणीव टिकवण्याचे काम आज मुख्यतः ती ती विद्यापीठे करत आहेत. मिशिगन स्टेट आपल्या १९७६ च्या संघाचा, नेब्रास्का-ओमाहा १९७५ च्या संघाचा अभिमानाने उल्लेख करते. केनेडी कॉलेजला ती सोय नाही. ते महाविद्यालय १९७५ मध्ये, म्हणजे सुरू झाल्यानंतर अवघ्या दहा वर्षांत, कायमचे बंद झाले. त्याच्या मैदानावर विजयाचा फलक लावणारे प्रशासन नाही, माजी विद्यार्थिनींचा मेळावा भरवणारे कार्यालय नाही, आणि एनसीएएकडे अर्ज करू शकेल असा क्रीडाविभागही नाही. म्हणूनच जुन्या स्पर्धांची नोंद ज्या त्या विद्यापीठावर सोपवून भागणार नाही. फुटबॉलच्या याद्यांप्रमाणे ती मध्यवर्ती नोंदपुस्तकात, स्पर्धा कोणी भरवली होती त्याच्या स्पष्ट उल्लेखासह, स्वतंत्र प्रकरण म्हणून छापली पाहिजे.